ताईचं लग्न आणि एक इंग्रजी क्रियापद

आमच्या अण्णांना इंग्रजीचं जेवढं वेड होतं तेवढाच डिक्शनरीचा तिटकारा होता. डिक्शनरी ही ज्यांना भाषेचा कान नाही त्यांच्यासाठी असते, असं ते म्हणत. अण्णा सरकारी कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासण्याच्या खात्यात होते. लोखंडाची दांडी नुसती अंगठ्याखाली फिरवून ती जाड आहे की बरोबर आहे ते सांगायचे, आणि मग उपकरण लावून बघितलं तर बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. हीच रीत त्यांनी इंग्रजी शब्दांना लावली होती. नवा शब्द भेटला की ते तो दोनतीनदा तोंडात घोळवत, डोळे बारीक करत आणि अर्थ सांगून टाकत. दांड्या त्यांना फसवत नसत. शब्द मात्र फसवत, पण ते त्यांच्या लक्षात आणून देणारं आमच्या घरात कुणी नव्हतं आणि कॉलनीतही फारसं नव्हतं. एका बड्या शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला जेवून उठताना अण्णांनी यजमानाला सांगितलं होतं की जेवण फारच 'फुलसम' झालं. फुलसम म्हणजे किळस यावी इतकं अति. यजमान हात जोडून म्हणाले, सगळी तुमची कृपा. दोघंही अत्यंत समाधानात होते.

बंगळूरला यशवंतपूरच्या पलीकडे कारखान्याची क्वार्टर्स होती, तिथे आम्ही राहायचो. दिवसाचे तुकडे कारखान्याचा भोंगा पाडायचा. पहिल्या भोंग्याला आई कॉफीचं फिल्टर उतरवायची, दुसऱ्याला अण्णा सायकल काढायचे, आणि मधल्या वेळात रेडिओवरच्या इंग्रजी बातम्यांबरोबर अण्णा वाक्यं पुटपुटत दाढी करायचे. बातम्या देणारा माणूस एखाद्या शब्दावर जोर द्यायचा आणि अण्णांचा वस्तरा गालावर थांबायचा. आजोबांच्या वेळेपासून आमचं घराणं म्हैसूर मुलखात आलेलं, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड असं मुरलेलं होतं की कुठला शब्द कुठला ते आम्हालाच सांगता येत नसे. आई आम्हाला "स्वल्प थांब, भात होतोय" म्हणायची. स्वयंपाकाचंही तेच. आमटी म्हणून जे वाटीत यायचं त्यात हुळीचा, म्हणजे कन्नड सांबाराचा, मसाला असायचा, थालीपिठाशेजारी चटणीपुडी आणि खोबरेल तेल असायचं, आणि पुरणपोळीत हरभऱ्याच्या डाळीऐवजी तुरीची डाळ असायची. हे सगळं बाहेरच्या मराठी माणसाला विचित्र वाटतं हे मला ताईच्या लग्नाच्या वेळी पहिल्यांदा कळलं.

तर हे क्रियापद आमच्या घरात आलं ते दिल्लीहून. कारखान्यात तपासणीला एक अधिकारी आले होते. उन्हाळ्याची दुपार होती. त्यांनी पंख्याखाली बसून अख्खं शहाळं संपवलं, रुमालानं तोंड पुसलं, हसले आणि म्हणाले, "व्हॉट अॅन एनर्व्हेटिंग आफ्टरनून." मग ते टुणकन उठून पुढच्या शेडकडे चालायला लागले. अण्णांनी ते हसणं पाहिलं, ते उठणं पाहिलं आणि अर्थ जागच्या जागी पक्का केला. संध्याकाळी जेवताना त्यांनी आम्हाला समजावलं, "एनर्जी आणि नर्व्ह, दोन्ही त्यात आहेत. म्हणजे एखाद्याच्या नसानसांत जोम भरणं. एनर्व्हेट. कसा ताठ उभा राहतो शब्द."

शब्द खरंच ताठ उभा राहतो. अर्थ मात्र बरोबर उलटा आहे. एनर्व्हेट करणं म्हणजे माणसातला जोम काढून घेणं, त्याला निःसत्त्व करून सोडणं. आता मी मुलाकडे बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत राहते. मध्यंतरी आमच्या लिफ्टमध्ये रविवारच्या व्यायामवर्गाची जाहिरात लागली होती, त्यात रहिवाशांना सकाळी सहा वाजता येऊन स्वतःला एनर्व्हेट करून घेण्याचं आमंत्रण होतं. माझी सून नागपूरची, इथल्याच एका कंपनीत काम करते. तिला मी ते दाखवलं तर ती म्हणाली, "आई, त्यासाठी आम्हाला सकाळी उठायची गरज नाही, ऑफिस आहे ना." मला मात्र त्या कागदासमोर अण्णांची इतकी आठवण आली की माझा मजला येऊन गेला.

ताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नाव शैला. बी.एस्सी. होऊन ती मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज घरातही तसाच राहायचा. तिला पुण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा श्रीकांत बापट, इंजिनिअर, आणि वडील कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. आई 'इंजिनिअर' या शब्दापाशी थांबली. अण्णा 'इंग्रजीचे प्राध्यापक' या शब्दांपाशी थांबले आणि त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला. आपल्या इंग्रजीला पारखणारा माणूस अखेर घरी येतोय, याचा त्यांना ताईच्या लग्नापेक्षा कणभर अधिकच आनंद झाला असावा.

बापट मंडळी आली त्याच दिवशी संध्याकाळी कारखान्यात मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. मोठे साहेब म्हणजे जनरल मॅनेजर. त्यांची दिल्लीच्या मुख्य कचेरीत बढतीवर बदली झाली होती. कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने इंग्रजीत मानपत्र वाचायचं काम अण्णांकडे आलं होतं, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. योग असा जुळून आला म्हणून अण्णांनी बापट सरांना समारंभाला यायचा आग्रह केला आणि सरांनी तो मानला.

सकाळी बघण्याचा कार्यक्रम झाला. बापट सर उंच, किडकिडीत, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. त्यांच्या पत्नी मोकळ्या आणि गोड. श्रीकांत बोलायचा कमी, पण ताईनं पोहे देताना त्याच्या बशीतला चमचा खाली पडला तेव्हा दोघं एकदमच वाकली आणि वर येताना दोघांच्याही चेहऱ्यावर ठरून गेल्यासारखं हसू होतं. दुपारच्या जेवणात आईनं पुरणपोळी केली होती. बापटकाकूंनी एक घास घेतला, थोडा वेळ चावला आणि विचारलं, "हे पुरण तुरीचं आहे का हो?"

"तुरीचंच की. दुसरं कशाचं असतं?" आई म्हणाली.

काकूंनी सरांकडे पाहिलं, सरांनी पोळीकडे पाहिलं आणि दुसरी घेतली. आईला हायसं वाटलं. पण सरांनी हात धुतल्यावर एवढंच सांगितलं की निर्णय पुण्याला गेल्यावर विचार करून कळवू. ताईच्या तोंडावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

जेवणानंतर शेजारचे कुलकर्णीकाका पान घेऊन आले. हे धारवाडचे, अण्णांच्याच खात्यातले. सरांनी सहज विचारलं की आज निरोप कुणाचा आहे, आणि कुलकर्णीकाकांना तेवढंच हवं होतं.

"काय सांगू सर तुम्हास," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "ह्या मनुष्यानं अख्ख्या फॅक्टरीचा जीव काढून ठेवलाय बघा. चांगलं काम केलं तरी ओरडतो, नाही केलं तरी ओरडतो. मेमो काय, पगारवाढ रोखणं काय. पहिलं आमचे लोक शिट्टी घालत कामाला यायचे हो. आता गेटातनं आत आले की खांदे पडतात. आमच्या ह्या वामनरावांचं प्रमोशन त्यानंच दाबून ठेवलंय. आणि मानपत्र वाचायचं कुणी, तर ह्यांनीच."

अण्णा कोपऱ्यात बसून मानपत्राची घडी उलगडून परत घालत होते. ते म्हणाले, "जाऊ दे कुलकर्णी. जाणाऱ्याला चांगलं बोलून पाठवावं."

समारंभ कँटीनच्या मोठ्या हॉलमध्ये होता. मी आणि ताई बायकांच्या बाजूला बसलो होतो, सर आणि श्रीकांत पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. व्यासपीठावर मोठे साहेब हार घालून बसले होते आणि हाराच्या वर त्यांचा चेहरा नेहमीसारखाच रागीट होता. अण्णा इस्त्रीचा कोट घालून माइकपाशी गेले. सुरुवातीची वाक्यं ठीक गेली. मग त्यांनी कागद खाली केला, साहेबांकडे वळले आणि पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं: "सर, यू हॅव एनर्व्हेटेड एव्हरी वन ऑफ अस. फ्रॉम द फोरमन टू द स्वीपर, देअर इज नो मॅन इन धिस फॅक्टरी हूम यू हॅव नॉट एनर्व्हेटेड."

टाळ्या कडाडल्या. मोठ्या साहेबांनी, ज्यांना आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं, हसत मान झुकवून त्या स्वीकारल्या. अण्णांना जोर चढला. "अँड नाऊ," ते म्हणाले, "यू विल गो टू डेल्ही अँड एनर्व्हेट द होल कंट्री." यावर तर साहेब उभे राहिले आणि त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि बापट सर तेवढे ताठ बसून अण्णांकडे एकटक बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत बघितलं. ताई माझ्या कानात म्हणाली, "सरांना आवडलेलं दिसत नाही."

घरी येऊन पानं मांडली. सर एक शब्द बोलेनात. आईनं अण्णांना डोळ्यानं खूण केली, अण्णांनी खांदे उडवले. वरणभात कालवून झाल्यावर सरांनी हात पानावर ठेवला आणि म्हणाले, "वामनराव, मी पुण्याला जाऊन कळवणार होतो. आता त्याची गरज नाही. शैला आमची झाली."

आईच्या हातातला तुपाचा चमचा सरांच्या भातावर ठरलेल्यापेक्षा बराच वाकला. सर पुढे बोलत होते. "मी तीस वर्षं कॉलेजात शिकवतोय. आमचे प्रिन्सिपॉल काय आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येक समारंभात मी त्यांच्यासमोर मान डोलावतो. आज तुम्ही त्या माणसाला भर सभेत, गळ्यात हार असताना, तोंडावर सांगितलंत की तू आम्हा सगळ्यांना निःसत्त्व केलंस. एकालाही सोडलं नाहीस. आणि आता दिल्लीला जाऊन देशाचंही तेच कर. शब्द काय निवडलात. एनर्व्हेट. मूळ अर्थच स्नायू काढून घेणं. दहातले नऊ लोक तो उलटा वापरतात, जोम भरणे म्हणून. तुम्ही बरोबर वापरलात आणि त्याला कळलंसुद्धा नाही. असं धैर्य मी कुठल्या व्याह्यात शोधणार होतो?"

अण्णांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्या अगदी समोर बसले होते, म्हणून ते सगळं मला दिसलं. आधी त्यांचे कान लाल झाले, मग कपाळ, आणि मग सगळाच रंग उतरून गेला. त्या क्षणी अण्णांकडे बघून त्या क्रियापदाचा अर्थ कुठल्याही शाळकरी मुलीला कळला असता. ते फक्त "भात घ्या ना, सर," एवढंच म्हणाले. श्रीकांत ताईकडे बघत होता, ताई ताटाकडे बघत होती आणि आई देवाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझी शाळेची डिक्शनरी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच. अंगणात उभं राहून त्यांनी तो शब्द काढला, वाचला आणि पुस्तक मिटून काखेत धरलं. मग स्वयंपाकघरात आले. आई दशम्या भाजत होती.

"मी सरांना खरं सांगणार आहे," अण्णा म्हणाले.

"काय खरं?" आई म्हणाली. "मुलगी पसंत आहे, हे खरं आहे. मुलगा चांगला आहे, हे खरं आहे. आणखी किती खरं पाहिजे तुम्हाला?"

"ते मला शूर समजतायत."

"समजू दे की. माझे वडीलही तुम्हाला हुशार समजून मुलगी देऊन गेले. मी बोलले का कुणाला काही?"

अण्णा हसले नाहीत. आईही गंमत करत नव्हती. दशमी जळाल्याचा वास आला तेव्हा दोघांनी बोलणं थांबवलं.

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं बापट मंडळी निघाली. मिरजेला गाडी बदलून पुढे पुणे. यशवंतपूर स्टेशनवर अण्णा, मी आणि कुलकर्णीकाका पोचवायला गेलो. काकू डब्यात बसल्या, श्रीकांत सामान लावत होता. सर खिडकीपाशी उभे होते. गाडी हलायला थोडाच वेळ होता. एवढा वेळ अण्णा हवेबद्दल बोलत होते, आणि हवेबद्दलच बोलता बोलता एकदम म्हणाले, "सर, मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता."

"कुठल्या?"

"एनर्व्हेट. मी त्या दहातल्या नऊ जणांपैकी आहे."

सरांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"की साहेबांनी आमच्यात जोम भरला."

"आणि तो भरला होता का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "अजिबात नाही."

सर चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. "म्हणजे तुम्ही खोटं बोलायला उभे राहिलात आणि चुकून खरं बोललात."

"हो."

"अवघड आहे," सर म्हणाले. "मला पुन्हा विचार करावा लागेल." गार्डनं शिट्टी दिली, सर डब्यात चढले. खिडकीतून त्यांनी हात केला, पण तो हात निरोपाचा होता की थांबा म्हणणारा, ते कळेना. परत येताना कुलकर्णीकाका सायकल हातात धरून चालत होते. ते म्हणाले, "वामनराव, तुम्ही काल चुकून शूर झाला होता. आज मुद्दामनं झालात. पण आजचं जरा महागात पडणार बघा."

आठवडे गेले. पुण्याहून काही येईना. घरात जेवणं व्हायची, भोंगे व्हायचे, रेडिओही लागायचा, पण दाढी करताना अण्णा आता पुटपुटत नसत. आई त्यांच्याशी फक्त ताटवाटीपुरतं बोलायची. मला वाटलं होतं ताई सगळ्यात जास्त चिडेल. ती चिडली नाही. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती घरी आली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल, पोस्टात जायचंय."

त्या काळी पुण्याला फोन करायचा म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि बाकावर बसून राहायचं. बापटांकडे फोन होता. बरीच वाट बघितल्यावर पोस्टमास्तरांनी हाक मारली आणि ताई फोनपाशी गेली, मीही रिसिव्हरला कान लावला. पलीकडून सरच बोलत होते, पण आवाज इतका क्षीण की विहिरीच्या तळातून यावा तसा.

"मी शैला बोलतेय, बंगळूरहून," ताई म्हणाली.

"कोण मैना?"

"शैला." मग तिनं वर्गातला आवाज काढला. "सर, मला एकच विचारायचंय. माझे वडील दोनदा खरं बोलले. एकदा चुकून, एकदा मुद्दाम. तुम्हाला त्यातलं कुठलं जास्त महत्त्वाचं वाटतं?"

"काय? वडिलांना काय झालं?"

पोस्टातल्या लोकांनी आपापसातलं बोलणं थांबवलं होतं. तिकिटांवर शिक्के मारणाऱ्या कारकुनानं शिक्का वर धरून ठेवला होता, तिला ऐकू यावं म्हणून. कुणाला मराठी कळत नव्हतं, पण मुलगी काहीतरी पणाला लावून बोलतेय एवढं सगळ्यांना कळलं होतं. ताईनं डोळे मिटले आणि तेच वाक्य एकेक शब्द सुटा करून परत सांगितलं. शेवटी "कुठलं" हा शब्द तर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानंही वळून ऐकला. पलीकडे खरखर झाली. मग सरांचा आवाज आला, एकच शब्द, "दुसरं," आणि त्यापुढे आणखी काहीतरी सुरू झालं तोच लाइन गेली. ताईनं हुक खालीवर करून पाहिलं. पोस्टमास्तर म्हणाले, "आयतु अक्का, टाइम मुगीतु." वेळ संपली होती.

बाहेर येईपर्यंत ताईचा चेहरा उजळलेला होता. "दुसरं म्हणाले. म्हणजे मुद्दाम बोलले ते महत्त्वाचं. म्हणजे होकार." मी तिच्या आनंदात सामील झाले होते. पण घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि जात्याच्या खुंट्यासारखी बसून राहिली.

"नक्की काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"दुसरं."

"आणि पुढे?"

"पुढे कट झाला."

"अगं, दुसरं स्थळ बघा म्हणत असतील," आई म्हणाली.

हे ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी कुलकर्णीकाकांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पान लावलं आणि विचारलं, "आवाज शेवटी वर गेला का खाली आला?" ताईला वाटत होतं वर, मला वाटत होतं खाली. "मग अवघड आहे की हो," काका म्हणाले. पुढचे दिवस आमच्या घरात तो एक मराठी शब्द अण्णांच्या सगळ्या इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त चघळला गेला. आई तो कोमेजून म्हणायची, ताई ठासून म्हणायची, आणि मी भांडी घासताना दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहायची. अण्णांनी मात्र अर्थ सांगायला साफ नकार दिला. ते म्हणाले, "मी यापुढे कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगणार नाही."

मग एका सकाळी, पहिला भोंगा व्हायच्या आत, दारात रिक्षा थांबली. बापट सर एकटेच उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नारळ. आईनं दार उघडलं आणि पदर सारखा करत मागे सरली. सर चपला काढत म्हणाले, "फोन कट झाला, वहिनी. परत लावला तर पोस्ट बंद. म्हटलं, जाऊनच यावं."

ताई आतल्या दाराशी उभी होती. तिनंच विचारलं, "सर, तुम्ही दुसरं म्हणालात, त्यापुढे काय म्हणत होता?"

"मी म्हणत होतो," सर म्हणाले, "दुसरंच महत्त्वाचं. पहिलं मलाही जमलं असतं, चुकून. दुसरं मला तीस वर्षांत जमलेलं नाही. आणि त्यापुढे म्हणणार होतो की लग्नात वामनरावांना इंग्रजीतून बोलू देऊ नका."

अण्णा अर्धी दाढी केलेल्या तोंडानं बाहेर आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अण्णांनी साबणाचा हात पुढे केला, मग लक्षात येऊन मागे घेतला. सरांनी तो तसाच धरला. आईनं कॉफी ठेवली. त्या दिवशी अण्णांनी दुसरा भोंगा होऊन बराच वेळ गेल्यावर सायकल काढली, जे कधीही झालं नव्हतं.

मोठ्या साहेबांना त्या शब्दाचा अर्थ कधीच कळला नाही. दिल्लीत त्यांनीही तो वापरायला सुरुवात केली होती. एका बैठकीत त्यांनी सांगितलं म्हणे, की मी जिथे जिथे गेलो तिथल्या सगळ्या माणसांना एनर्व्हेट केलं. हे दिल्लीहून आलेल्या कुणीतरी कुलकर्णीकाकांना सांगितलं, आणि असंही सांगितलं की ते ऐकून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. अण्णांचं प्रमोशन नव्या साहेबांनी वर्षभरात केलं, तोपर्यंत ताईला सासरी जाऊन बरेच महिने झाले होते.

लग्न मल्लेश्वरमच्या एका कार्यालयात लागलं. पुण्याची मंडळी इडलीसाठी रांग लावत होती आणि आमची मंडळी श्रीखंडासाठी. जेवणं आटोपल्यावर कुणीतरी अण्णांना दोन शब्द बोला म्हणालं. आईनं कपाळाला हात लावला. अण्णा उठले, सरांकडे पाहिलं आणि त्यांनी घातलेली अट पाळली. ते इंग्रजीतून बोलले नाहीत. कन्नडमधून बोलले. ते लहानपणापासून ज्या भाषेत खेळले, भांडले, बाजारहाट केला त्या भाषेत, कागदाशिवाय, हळू आवाजात. ते म्हणाले की आयुष्यभर मी माझी मान वर राहावी म्हणून मोठे मोठे शब्द जमवले. पण माझ्या बाजूनं पहिल्यांदा कुणी उभं राहिलं ते ही मुलगी, पोस्टात, शंभर लोकांसमोर ओरडून. आता ती ज्या घरी जाते आहे त्या घरानं तिला ओरडायला लागू देऊ नये, आणि लागलं तर ऐकावं. एवढं बोलून ते खाली बसले.

आमच्या बाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. पुण्याच्या बाजूला एक अक्षर कळलं नव्हतं, त्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. बापट सरांनीही वाजवल्या, आणि मग माझ्याकडे वाकून विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगायला गेले, पण पोस्टापर्यंत येऊन वाक्य अर्धंच सोडलं. शेवटी पलीकडे बसलेल्या कुलकर्णीकाकांनी पान एका गालात सारून त्यांना सगळं मराठीत सांगितलं, वाक्याला वाक्य. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसताच हातात धरून बसले.

"यातला एकही शब्द चुकीचा नव्हता ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं. "कन्नड त्यांना चांगलं येतं."